परभणीहून थायलंडचा निवृत्ती व्हिसा: कागद जमवण्याचा प्रवास

लेक बँकॉकला स्थायिक झाली तेव्हाच मी ठरवलं होतं, तिच्याकडे नुसतं पाहुणी म्हणून जायचं नाही. तिच्या गावात आपलं वेगळं लहानसं घर करून राहायचं. त्यासाठी थायलंडचा ‘नॉन-इमिग्रंट ओ-ए’ व्हिसा लागतो. वय किमान ५० हवं, तिथे नोकरीधंदा करायचा नाही आणि एका वर्षाचा मुक्काम मिळतो. परभणीत ओळखीपाळखीत कोणी हा व्हिसा काढलेला नव्हता. म्हणून मागून येणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र तीन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. म्हणून ज्या कागदांना मुदत नाही ते आधी मार्गी लावायचे आणि मुदतीचे अगदी शेवटी काढायचे. बहुतेक जण उत्साहात आधी दवाखाना गाठतात. मग लग्नाचा दाखला हातात येईपर्यंत एक्स-रे शिळा होतो.

आपल्या भागात सर्वांत जास्त वेळ खाते ती नावांची जुळवाजुळव. माझ्या वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर मारोती, सेवापुस्तकात मारोतराव आणि पॅनकार्डाच्या नोंदीत मारुती. नावामागचं ‘राव’ आणि ‘बाई’ आपल्याला प्रेमाचं वाटतं, परक्या देशाच्या अधिकाऱ्याला ती वेगळी माणसं वाटतात. पासपोर्टवर जे नाव आहे तेच प्रमाण माना आणि बँक, पॅन, आधार सगळीकडे अक्षरन् अक्षर तसंच करून घ्या. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करता येतं, पण मूळ नोंद दुरुस्त झालेली केव्हाही बरी. गावांच्या नावांचंही तसंच. माझ्या यजमानांच्या पासपोर्टवर जन्मस्थळ उस्मानाबाद आहे आणि नवीन कागदांवर धाराशिव येतं. २०२३ मध्ये उस्मानाबाद आणि औरंगाबादची नावं बदलली, त्या राजपत्राची प्रत फाइलमध्ये ठेवून द्या.

पैशाचं गणित असं. एकतर बँकेत ८ लाख बाट (थायलंडचं चलन), किंवा महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख बाट. बाटचा भाव हलत असतो, पण ८ लाख बाट म्हणजे २० लाख रुपयांच्या वरच धरा. आपल्यासारख्या राज्य सरकारी पेन्शनरांपैकी फार थोड्यांची पेन्शन ६५ हजार बाटपर्यंत पोचते, म्हणून ठेवीचा रस्ताच सोपा. या अर्जासाठी रक्कम भारतातल्या बँकेत असली तरी चालते. माझ्या निवृत्तीचा पैसा माझ्याच नावावर होता, म्हणून मुख्य अर्ज माझा आणि हे माझे जोडीदार. हे लिहिताना मला मनापासून अभिमान वाटतो.

रक्कम एकट्याच्या नावावर ठेवा आणि काही महिने तिला हात लावू नका. अर्जाच्या तोंडावर एकदम मोठी रक्कम जमा झालेली दिसली की शंका येते. शेतीचा सातबारा, प्लॉट, सोनं यांचा इथे उपयोग नाही. पतसंस्थेतली ठेवही दाखवू नका. पतसंस्था ही बँक नव्हे, तिथल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांच्या विम्याचं संरक्षणही नाही. आपल्या भागात किती जणांची आयुष्यभराची पुंजी अशा ठिकाणी अडकली ते सगळ्यांना ठाऊक आहे. बँकेचं पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत, सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा आणि वाचता येणारा शिक्का असं मागून घ्या. आमच्या शाखेत ‘असं पत्र आम्ही देत नाही’ असं ऐकावं लागलं. मजकूर टाइप करून नेला आणि शाखाधिकाऱ्यांसमोर बसून राहिले, तेव्हा मिळालं. पेन्शनचा पुरावा म्हणून पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रतही जोडली. मराठवाड्यातल्या राज्य पेन्शनरांचा पीपीओ नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून येतो. तो फाटलेला किंवा पुसट असेल तर आधीच कोषागारात चौकशी करा.

जोडीदाराकडे वेगळी रक्कम नसेल तर त्याला ‘ओ’ व्हिसा मिळू शकतो, पण लग्नाचं प्रमाणपत्र हवंच. आमच्या काळात नोंदणी करायची पद्धतच नव्हती. आता नमुना ‘ड’ भरून नवरा-बायको, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्या सह्या लागतात. आमचे गुरुजी केव्हाच वारले, त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र दिलं. लग्नपत्रिका माझ्या वहिनीच्या ट्रंकेत सापडली, हळदीच्या डागासकट. प्रमाणपत्रावर इंग्रजी मजकूर आहे ना, स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे ना, हे काउंटर सोडण्याआधी बघा.

त्यानंतर पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी. २८ सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही हा अर्ज करता येतो, शुल्क ५०० रुपये. आम्ही सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसने संभाजीनगरला गेलो. डब्यात निम्मे लोक हायकोर्टाच्या खंडपीठात तारखेला निघालेले, मांडीवर फायली घेऊन, त्यामुळे आमची पिशवी कुणाला वेगळी वाटली नाही. दाखल्यावर देशाचं नाव छापून येतं, म्हणून अर्जात थायलंड नीट निवडा. पत्ता बदलला असेल तर पोलिस पडताळणी होते, तेवढे दिवस हाताशी ठेवा. पासपोर्टची मुदतही किमान १८ महिने शिल्लक हवी.

सगळ्यात शेवटी दवाखाना. ठरलेला फॉर्म छापूनच न्या. त्यात कुष्ठरोग, क्षयरोग, हत्तीपाय, अमली पदार्थांचं व्यसन आणि तिसऱ्या टप्प्यातला उपदंश (सिफिलिस) नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं. आमच्या डॉक्टरांनी नुसती सही केली नाही, याचं मला समाधान आहे. कुष्ठरोगासाठी तपासताना ‘ताई, डोळे मिटा,’ म्हणाले आणि कापसाचा धागा हातावर ठिकठिकाणी टेकवत गेले. जिथे स्पर्श कळेल तिथे मी बोट ठेवायचं. मग कोपरामागची नस चाचपून पाहिली, ती जाड झाली आहे का ते. छातीचा एक्स-रे आणि उपदंशासाठी रक्ताची व्हीडीआरएल चाचणी झाली. हत्तीपायासाठी पाय तपासले. त्याचे जंतू रक्तात रात्री दिसतात, म्हणून शंका असेल तर रक्त रात्रीच घ्यावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं. सहीखाली महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक स्वच्छ दिसायला हवा.

विम्याची चौकशी मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करा. पूर्ण वर्षासाठी ३० लाख बाट किंवा १ लाख डॉलरचं संरक्षण मागतात आणि साठी ओलांडली की कंपन्या हात आखडता घेतात. मधुमेह, रक्तदाब जे असेल ते खरं लिहा. लपवलेला आजार दावा करताना बाहेर येतो, आणि परक्या मुलखात ते बिल लेकराच्या गळ्यात पडतं. पॉलिसीत थायलंडचा उल्लेख, रक्कम आणि तारखा ठळक असाव्यात.

अर्ज २०२५ पासून थायलंडच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर होतो. नोटरी केलेले कागद रंगीत स्कॅन करा, गोल शिक्क्याची कड कापली जाऊ देऊ नका. मूळ कागद तरीही हातातल्या पिशवीतच ठेवा.

तिथे गेल्यावर सलग मुक्कामात दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो. मधे भारतात यायचं असेल तर व्हिसाची मुदत आणि पुन्हा प्रवेशाचा परवाना आधी तपासा. आणि नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला विसरू नका, नाहीतर पेन्शन थांबते. बँकॉकच्या भारतीय दूतावासातून तो मिळतो. जाताना पीपीओची एक प्रत आणि कोषागाराचा पत्ता सोबत न्या.