चार फूट अकरा इंच

शिकागो आणि आसपासच्या पोलिश घराण्यांची मुळं शोधून देणं हा माझा व्यवसाय आहे. पुण्याच्या बाईला हे कुठून सुचलं, असं इथली मराठी मंडळी हमखास विचारतात. उत्तर साधं आहे: रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं रशियन. १७९५ ते १९१८ पोलंड नकाशावर नव्हतंच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं ते वाटून घेतलं होतं. रशियाच्या वाट्याच्या भागात १८६८ पासून चर्चची जन्म-मृत्यूची पुस्तकंसुद्धा रशियनमध्ये लिहावी लागली. इथल्या नातवंडांना पोलिशच धड येत नाही, तर ते रशियन हस्ताक्षर काय वाचणार! त्यावर माझं घर चालतं.

येणारा प्रत्येक जण दोन गोष्टी सांगतो. आमचं घराणं मूळचं सरदारांचं, आणि आमचं आडनाव एलिस आयलंडवरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी ठाण्यावरच्या, कारकुनानं बिघडवलं. सरदारकीचं एकवेळ तपासून बघता येतं, पण कारकुनाची निव्वळ भाकडकथा आहे. प्रवाशांची यादी जहाज कंपनीची माणसं बंदर सोडण्याआधी तयार करायची. न्यूयॉर्कला ती फक्त ताडून पाहायचे. आडनावं लोकांनी नंतर आपापल्या सोयीनं बदलली. पण कारकुनाला शिव्या घालणं सोपं असतं.

ही केस घेऊन आलेल्या सत्तरीच्या बाईंकडे मात्र सगळं तयार होतं. आजोबा यान, जन्म २४ जून १८९०, रशियाच्या वाट्याच्या पोलंडमधलं, लोम्झा प्रांतातलं एक खेडं. (नाव देत नाही, घराणं लगेच ओळखू येईल.) जन्मनोंदीचा फोटो त्यांनी कुणाच्या तरी ऑनलाइन वंशवृक्षातून छापून आणला होता. नोंदीत रिवाजाप्रमाणे दोन तारखा, जुन्या रशियन पंचांगाची १२ आणि आपली २४. थडग्यावर तीच तारीख, नागरिकत्वाच्या अर्जावर तीच, १९१७ च्या लष्करी नोंदणीच्या कार्डावरही तीच. त्यांना फक्त इंग्रजी भाषांतर हवं होतं, कुटुंबाच्या मेळाव्यात फ्रेम करून लावायला. म्हणजे एका दुपारचं काम.

पण जन्म सापडला की मी मृत्यूचं पुस्तक उघडतेच. ऑनलाइन झाडं लावणाऱ्यांपैकी शंभरातला एकही हे करत नाही. फेब्रुवारी १८९२ मध्ये नोंद होती: यान, वय एक वर्ष सात महिने, वडिलांचं नाव, आईचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, गाव, सगळं तेच. खाली दोन साक्षीदार आणि पाद्र्याची सही. मृत्यूचं कारण नाही; तिथल्या नोंदींत ते लिहायची पद्धतच नव्हती.

गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायचा रिवाज त्या खेड्यांत सर्रास होता. पुढची पुस्तकं चाळली तर डिसेंबर १८९४ मध्ये त्याच जोडप्याला दुसरा यान. मग शिकागोत थडग्याखाली कोण आहे हे उघडच होतं. पण उघड असणं आणि सिद्ध होणं वेगळं. मी पुन्हा जहाजाच्या यादीकडे गेले. तो जर्मनीतल्या ब्रेमेनहून निघालेला. ब्रेमेनच्या स्वतःच्या याद्या जवळजवळ उरलेल्याच नाहीत. जुन्या याद्या ठेवायला जागा नाही म्हणून नष्ट केल्या, उरलेल्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या. त्यामुळे भिस्त न्यूयॉर्कच्या प्रतीवर. मे १९०९, यान, वय १८. बाईंच्या फायलीत हे पान होतं. एकच पान! त्या काळची यादी समोरासमोरच्या दोन पानांवर असते, आणि खरा माल उजव्या पानावर असतो: कुणाकडे चाललाय, खिशात पैसे किती, उंची, केस, डोळे, जन्मगाव. वेबसाइटवर पुढच्या चित्राचा बाण दाबायचे कष्ट कुणी घेत नाही.

उजव्या पानावर उंची होती चार फूट अकरा इंच.

१९१७ च्या कार्डाच्या मागच्या बाजूला उंच, मध्यम, बुटका यांतलं एक निवडायचं असे. त्याच्यापुढे ‘उंच’. नागरिकत्वाच्या पहिल्या कागदावर पाच फूट दहा. अठरा वर्षांच्या माणसाची उंची त्यापुढे अकरा इंचांनी वाढत नाही. चौदा वर्षांच्या पोराची वाढते.

आणि चौदा वर्षांच्या पोराला वय चोरायला कारणही होतं. १९०७ च्या कायद्यानं आईबाप सोबत नसलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांना अमेरिकेचं दार बंद केलं होतं. यादीत त्याच्या नावाच्या डाव्या समासात फुली आहे. फुली म्हणजे अडवलेला. अशांची वेगळी यादी त्याच जहाजाच्या कागदांच्या शेवटी असते. तीही शोधली. शिकागोच्या मामाची वाट पाहत ठेवलेला. त्याला वाढलेल्या जेवणांचा हिशेबसुद्धा रकान्यांत आहे: दोन नाश्ते, दोन दुपारची जेवणं, एक रात्रीचं. मग सोडला.

बाईंना फोनवर सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘उंची लिहिण्यात चूक झाली असेल.’’ आक्षेप रास्त होता.

आता माझ्या धंद्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. पोपच्या एका फर्मानानुसार १९०८ च्या ईस्टरपासून कॅथलिक चर्चमध्ये लग्न लागलं की ते लावणाऱ्या पाद्र्यानं वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं, आणि तिथल्या पाद्र्यानं ते मूळ नोंदीच्या समासात टिपायचं. यानचं लग्न शिकागोत फेब्रुवारी १९१४ मध्ये लागलं. पण इंटरनेटवर दिसतात ती पुस्तकं बहुतेक सरकारजमा झालेली दुसरी प्रत असते. ती वर्ष संपलं की रवाना व्हायची, मग समास कोरेच राहणार. टिपण असलंच तर चर्चमध्ये राहिलेल्या प्रतीत. त्यासाठी लोम्झाकडच्या एका ओळखीच्या संशोधकाला त्या गावात पाठवलं. आमच्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांसारखंच तिथेही आहे: वही आहे, पण दाखवणार कोण हे त्या दिवसाच्या मर्जीवर. दक्षिणा ठेवल्यावर वही उघडली.

फोनवर आलेल्या फोटोत १८९० च्या नोंदीचा समास कोरा. १८९४ च्या नोंदीशेजारी लॅटिनमध्ये दोन ओळी: शिकागो, १९१४, वधूचं नाव.

बाईंनी फोटो पाहिला. ‘‘म्हणजे आजोबा जन्मभर खोटं बोलले?’’

‘‘अहो, चौदा वर्षांचं पोर होतं.’’

‘‘आम्ही दर २४ जूनला त्यांच्या नावानं मिस्सा म्हणतो.’’

मी म्हटलं, तो सेंट जॉनचा सण. यान म्हणजे जॉनच, म्हणून यान नावाच्या माणसाचा तो नामदिन, म्हणजे ज्या संताचं नाव ठेवलं त्याचा दिवस. पोलिश घरात वाढदिवसापेक्षा नामदिनच मोठा, तेव्हा तारीख चुकलेली नाही. हे त्यांना पटलं. तरी शेवटी त्यांनी मागितलं १८९० च्याच नोंदीचं भाषांतर. मी दिलं, सोबत मृत्यूची नोंद आणि १८९४ ची नोंद जोडली. फ्रेममध्ये काय गेलं, ते माहीत नाही. ऑनलाइन झाडांच्या मालकांनाही मी कळवलं. एकाच गृहस्थाचं उत्तर आलं: थडग्यावर जे आहे तेच बरोबर.

मला छळतो तो पाद्री. शिकागोच्या लग्नाच्या पुस्तकात नवऱ्याचं वय २३ आहे, म्हणजे इथून गेलेलं पत्र १८९० च्या यानबद्दल होतं. ते वाचून गावातल्या पाद्र्यानं मेलेल्या मुलाची नोंद सोडून जिवंत मुलाच्या नोंदीवर लग्न टिपलं. त्याला ठाऊक होतं. १९०९ च्या नोंदींखाली सही करणारा हातही तोच आहे. ‘शिकागो’चं वळण मी त्या सह्यांशी लावून पाहिलंय. अमेरिकेत शिरायला तेव्हा कागद लागत नसे, वय तोंडी सांगायचं. पण एवढ्याशा पोराच्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार? खिशात चर्चच्या शिक्क्याचा उतारा असेल तर गोष्ट वेगळी: यान, अमक्याचा मुलगा, जन्म २४ जून १८९०, शब्द न् शब्द खरा. असा उतारा आईनं मागून घेतला आणि पाद्र्यानं घाईत पहिला सापडलेला यान उतरवून दिला, की दोघांनी मिळून ठरवलं? दिलेल्या उताऱ्यांची वही त्या चर्चमध्ये असेल तर बघ, असं मी लोम्झाच्या माणसाला लिहिलंय. त्याचे पैसे बाईंच्या बिलात लावणार नाही.