कॅलिपर खिशात घालून पार्टच्या बाजाराला: जुन्या होंडा एस ९० वरचे दोन दिवस

पहाटे साडेपाचला निघालो. जायचं अंतर १६० किलोमीटर, यायचं तेवढंच, आणि गाडी होंडाची एस ९०. ८९.६ सीसीचं एक सिलिंडर, सहा व्होल्टची बॅटरी, दाबलेल्या पत्र्याची फ्रेम. १९६० च्या दशकातलं मॉडेल. जुन्या मोटरसायकलींच्या सुट्या पार्टचा बाजार वर्षातून एकदा, दोन दिवस, उघड्या मैदानावर भरतो, तिथे जायचं होतं. पार्ट आणायला चारचाकी घेऊन जा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण उभ्या गाडीकडे बघून केलेली यादी आणि धावलेल्या गाडीने दिलेली यादी वेगळी असते. स्टँडवर चालू केली की सगळं ठीक वाटतं. दोन तास सलग पळवून, तापलेल्या इंजिनाने चढ चढायला लावला की दुखणी बाहेर येतात. तुम्ही जाणार असाल तर दुरुस्त करायच्या गाडीवरूनच जा.

तयारीचा आठवडा मी एका छोट्या वहीवर घालवला. झिजणाऱ्या प्रत्येक भागाचं माप तीत लिहून काढलं. जुन्या लहान गाडीचा खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर ही वही हातातल्या कुठल्याही पान्यापेक्षा जास्त कामाची. ‘एस ९० च्या चाकाचं बेअरिंग आहे का?’ असं विचारलंत की एकतर नकार मिळतो, नाहीतर दुर्मिळ वस्तूचा भाव लागतो. ‘६३०१ आहे का?’ विचारलंत की समोरचा मागच्या फळीवरून डबी काढून देतो. ६३०१ म्हणजे आतला व्यास १२ मिलिमीटर, बाहेरचा ३७, जाडी १२. ते मोटरसायकलीत बसतं तसंच पंपातही बसतं, आणि बेअरिंगला त्याचा फरक पडत नाही. जुन्या बेअरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. तो पुसला गेला असेल तर कॅलिपरने तीन मापं घ्यायची आणि तक्त्यात बघायचं. आकड्यापुढे ‘२आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे असं समजायचं. चाकासाठी तेच घ्यावं, धूळपाणी आत जात नाही.

ऑइल सीलचंही (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) तसंच. त्याच्या अंगावर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते वहीत उतरवा. चेनचा आकडा बाजूच्या पट्टीवर दाबलेला असतो. ४२० आणि ४२८ या दोन्ही चेनचा पिच (दोन पिनांमधलं अंतर) १२.७ मिलिमीटरच, फरक आतल्या रुंदीत. ४२८ ची चेन ४२० च्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) ढिली का होईना बसते, उलट मात्र होत नाही. पिच जुळला म्हणून डोळे झाकून घेऊ नका.

पहिले साठ-पासष्ट किलोमीटर गाडी सुरेख चालली. मग एक लांब चढ लागला आणि अर्ध्यावर इंजिन हळूहळू गुदमरून बंद पडलं. दोन मिनिटं थांबलो, लाथ मारली, चालू. पुढे अर्धा किलोमीटर, पुन्हा तेच. अशा वेळी हात आपोआप स्पार्क प्लगकडे जातो. जाऊ देऊ नका. ठिणगीचं दुखणं बहुधा झटक्यात येतं किंवा फटफट आवाज करतं. असं विझत जाणं आणि थोड्या विश्रांतीने बरं होणं म्हणजे बहुतेकदा पेट्रोल कमी पोचतंय. आधी टाकीचं झाकण सैल करून बघायचं, कारण झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल उतरत नाही. माझं भोक मोकळं होतं. मग कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत धरली. धार यायला हवी होती, थेंब आले. टाकीखालच्या कॉकच्या जाळीवर विटकरी रंगाचा गाळ बसला होता. टाकीचा गंज.

रस्त्याच्या कडेला जाळी धुतली, नळीत पारदर्शक फिल्टर जोडला आणि पुढे निघालो. फिल्टर घेताना एक गोष्ट बघा. आपल्या गाडीत पेट्रोल फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं, पंप नाही. पंपाच्या गाडीसाठी बनवलेला दाट कागदी फिल्टर लावला तर तोच अडथळा होतो आणि गंज काढूनही गाडी चढावर गुदमरते. बारीक जाळीचा, लहान, आरपार दिसणारा फिल्टर पुरतो. नळी पाच मिलिमीटर आतल्या व्यासाची, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणारी घ्या. जुनं साधं रबर त्यात फुगतं, चिकट होतं, आणि त्याचेच कण कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, म्हणजे जेटमध्ये, जाऊन बसतात.

बाजारात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ताडपत्र्या, लाकडी खोकी, तेलकट पुठ्ठे. खोकीत काय दडलंय ते विकणाऱ्यालाही पुरतं माहीत नसतं, म्हणून तुमच्याकडे मापं हवीत. पहिल्या फेरीत काहीही घेतलं नाही. सगळं मैदान एकदा हिंडलो, कुठे काय आहे ते टिपलं, मग चहा पिऊन परत पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या फेरीत डोळ्यांना जास्त दिसायला लागतं.

सगळ्यात आधी घेतला तो स्क्रू ड्रायव्हर. जुन्या जपानी गाड्यांच्या इंजिनवरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसायला साधे फिलिप्स वाटतात, पण ते जपानी मापाचे, जेआयएस. खाचेचा आकार थोडा वेगळा असतो. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत जात नाही, जोर लावला की वर सरकतं आणि स्क्रूचं डोकं खरवडून टाकतं. किती तरी गाड्यांच्या साइड कव्हरचे स्क्रू असे गोल झालेले दिसतात, आणि दोष जातो ‘जुन्या मऊ लोखंडा’ला. माझ्या क्लचच्या झाकणाचे दोन स्क्रू मीच असे घालवले होते, छिन्नीने काढावे लागले. अनेक जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक छोटा ठिपका असतो, ती खूण. क्रमांक २ आणि ३ असे दोन जेआयएस ड्रायव्हर आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, एवढ्यावर जवळपास सगळं इंजिन उघडतं. पैसे मोजकेच असतील तर पहिली खरेदी हीच करा. चकचकीत पेटीतले शंभर सॉकेट नंतर.

पुढच्या एका ताडपत्रीवर एक वयस्कर गृहस्थ नुसत्या केबल आणि निपल (केबलच्या टोकाला बसणारे धातूचे गोळे) घेऊन बसले होते. माझी क्लच केबल लिव्हरपाशी उसवायला लागली होती, तारेचे दोन पदर तुटलेले.

“काका, एस ९० ची क्लच केबल आहे?”

“नाव नको सांगू. लांबी सांग.”

वही उघडून दाखवली. बाहेरच्या आवरणाची लांबी, आतल्या तारेची लांबी, दोन्ही टोकांच्या निपलचा आकार. त्यांनी मीटरवर तार मोजली, आवरण कापून दिलं आणि कथिलाचा डाग देऊन निपल कसा जोडायचा ते करून दाखवलं. तार निपलमधून ओवायची, टोकाचे पदर फुलासारखे पसरायचे, फ्लक्स लावायचं, मग निपल तापवून कथिल आत ओढू द्यायचं. पदर न पसरता नुसतं कथिल लावलं तर एक दिवस निपल तारेवरून निसटतो, तोही गर्दीत. त्यांच्याकडून स्क्रूने आवळायचे दोन निपलही घेतले. वाटेत तार तुटली तर घरापर्यंत आणण्यापुरते. सायकलच्या ब्रेकची तार क्लचला थोडा वेळ चालते. गिअरची मात्र घेऊ नका, ती बारीक असते.

प्लगपाशी बरेच लोक चुकतात म्हणून थोडं सविस्तर. एनजीकेच्या प्लगवरचं पहिलं अक्षर आट्यांचा व्यास सांगतं: सी म्हणजे १०, डी म्हणजे १२, बी म्हणजे १४ मिलिमीटर. मधला आकडा उष्णतेचा; आकडा वाढला तर प्लग जास्त थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. त्यानंतरचं एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर, ई म्हणजे १९. ‘डी८एचए’ घ्यायचा असताना ‘डी८ईए’ हातात आला तर तो बसेल सुद्धा, पण ६.३ मिलिमीटर जास्त आत घुसलेलं टोक पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला भिडू शकतं. एका अक्षराचा फरक इंजिन घालवतो. आपल्या हेडला (सिलिंडरच्या वरच्या भागाला) कुठला लागतो ते घरून लिहून न्या.

जुना न वापरलेला माल, पिवळ्या पडलेल्या मूळ पाकिटातला, बघून मोह होतो. धातूचं काही असेल तर खुशाल घ्या: पितळी जेट, स्प्रॉकेट, पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारी, उघडझाप होणारी कळ), गिअर. मी पॉइंटचा असाच एक जोड घेतला. रबराचं असेल तर हात लावू नका. पाकिटात राहिलं म्हणून रबराचं वय थांबत नाही. सील कडक होतात, कार्ब्युरेटरच्या ओ-रिंगला भेगा जातात. टायरचं तर विचारूच नका. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. कितीही स्वस्त असो, तो तिथेच राहू द्या. टायर, ट्यूब आणि ब्रेक लायनर या तीन गोष्टींत मी कधीच काटकसर करत नाही. जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रम उघडल्यावर हवा मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

गास्केटसाठी (झाकणाच्या सांध्यातून तेल गळू नये म्हणून मध्ये घालायचा थर) तयार संच घेतला नाही. ०.५ मिलिमीटर जाडीचा गास्केट कागद गुंडाळीने घेतला. झाकण कागदावर ठेवून हलक्या हातोडीने कडेकडेने टिचकत गेलं की आकार उमटतो, भोकं पोकळ पंचने पाडायची. हेड गास्केट मात्र असं करायचं नाही, ते विकतच. ड्रेन बोल्टखालचं तांब्याचं वॉशर फेकू नका. लाल होईपर्यंत तापवून गार केलं की पुन्हा मऊ होतं आणि नव्यासारखं बसतं.

रात्री मुक्काम केला. पार्ट घरी जाऊन बसवायचे असं ठरवलं होतं, पण पॉइंट बदलायचा मोह आवरला नाही. या इंजिनात पॉइंट हेडच्या बाजूला, एका गोल झाकणाखाली असतात. मॅग्नेटवरची (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकी चाकावरची) ‘एफ’ खूण समोर आली की पॉइंट उघडायला हवेत. ते डोळ्यांनी ठरवू नका. सहा व्होल्टचा छोटा दिवा पॉइंटची तार आणि अर्थ (गाडीचा धातूचा सांगाडा, ज्यातून करंट बॅटरीकडे परततो) यांमध्ये लावा, इग्निशन चालू करा, मॅग्नेट हळूच फिरवा. दिवा लागला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडले. जास्तीत जास्त उघडल्यावर फट ०.३ ते ०.४ मिलिमीटर. महागड्या टायमिंग लाइटची इथे गरज पडत नाही. टॅपेट (व्हॉल्व्हला दाबणारे भाग) सकाळी पाहिले, कारण ०.०५ मिलिमीटरची फट इंजिन पूर्ण थंड असतानाच घ्यायची असते. ‘टी’ खूण जुळवा, आणि दोन्ही टॅपेट सैल लागतायत ना ते बघा. एखादा घट्ट असेल तर तुम्ही चुकीच्या फेऱ्यावर आहात, मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवा.

दुसऱ्या दिवशीही बाजारात रेंगाळलो, त्यामुळे परतताना शेवटचे तीस किलोमीटर अंधारात आले. हेडलाइट पिवळा, मेणबत्तीसारखा. नवा बल्ब घेतला नाही याची हळहळ वाटली, पण बल्बचा दोष नव्हता. सहा व्होल्टच्या गाडीत गंजलेल्या जोडावर अर्धा व्होल्ट जरी गळला तरी उजेड जवळजवळ पाव हिश्श्याने घटतो. बारा व्होल्टमध्ये तेवढ्याच गळतीने सातवा हिस्सा जातो. गाडी थांबवून हेडलाइटच्या भांड्यातला अर्थचा स्क्रू काढला, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडला, थोडं व्हॅसलीन लावून परत आवळला. पाच मिनिटांचं काम. उजेड पांढरा झाला नाही, पण रस्त्यावरचे खड्डे दिसायला लागले. तुमची गाडी सहा व्होल्टची असेल तर प्रवासाच्या आधी बॅटरीची, इंजिनची आणि हेडलाइटची अर्थ उघडून साफ करा. बारा व्होल्टच्या किटचा विचार त्यानंतर.

पिशवीतलं काय लागलं आणि काय नाही, तेही लिहून ठेवतो. लागलं: जेआयएस ड्रायव्हर, ८, १०, १२ आणि १४ चे पाने, पक्कड, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), प्लगचा पाना, पॉलिश पेपर, दोन मीटर तार, टेस्ट दिवा, पेट्रोलची नळी, फडकं. लागलं नाही, तरी पुढच्या वेळीही नेणार: ट्यूब, दोन टायर लिव्हर, हातपंप, चेनची लॉक लिंक. उगाच नेलं: मोठा टॉर्क पाना. या इंजिनावरचे बहुतेक बोल्ट सहा मिलिमीटरचे, ॲल्युमिनियममध्ये बसणारे. त्यांना १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं, आणि मोठ्या पान्याने तेवढा कमी जोर नीट कळत नाही. त्याच्या भरवशावर मागे एकदा झाकणाचे आटे घालवले होते. ते हेलिकॉइलने भरून काढले: ६.३ मिलिमीटरचं ड्रिल, मग किटमधला टॅप, मग स्प्रिंग. आता छोट्या हाताच्या पान्याने, दोन बोटांत धरून आवळतो.

टाकी अजून बाकी आहे. सिट्रिक ॲसिड कोमट पाण्यात कालवून एक रात्र भरून ठेवणार, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुणार आणि लगेच गरम हवेने वाळवून आतून थोडं तेल फिरवणार. ओली टाकी तासाभरात पुन्हा तांबूस होते, त्यामुळे हे काम सुट्टीच्या दिवशी सकाळी काढायचं. तोवर तो पारदर्शक फिल्टर रोज बघतोय. आज त्यात चिमूटभर गाळ होता.