रोबोच्या हाताला 'नाही' म्हणता येत नाही

मी रोबोटिक्समध्ये पीएचडी करतोय म्हटलं की फोंड्याला घरी येणारे पाहुणे हमखास विचारतात, "मग तुझा रोबो चहा करतो काय रे?" नाही करत. पुढ्यातला डबा बाजूला सरकवून मागचा कप उचलतो, इतकंच.

त्यात दोन प्रश्न गुंतलेले असतात. आधी काय, नंतर काय, हा पहिला. कृती, तिच्या पूर्वअटी, तिचे परिणाम ही मांडणी १९७१च्या 'स्ट्रिप्स' या, रोबोसाठी कृतींचा क्रम आखणाऱ्या प्रणालीपासून फारशी बदललेली नाही. दुसरा प्रश्न हाताचा: कशालाही न धडकता तिथवर पोचायचं कसं? सहा सांध्यांपैकी प्रत्येकाचे नुसते १०० कोन धरले तरी एक लाख कोटी स्थिती होतात. त्या सगळ्या कोण तपासणार? म्हणून १९९८च्या 'आरआरटी'सारख्या (रॅपिडली-एक्सप्लोरिंग रँडम ट्री) पद्धती त्यातल्या काहीच स्थिती यादृच्छिकपणे निवडत वाट काढतात. खरी गोम इथेच आहे. वाट असेल तर ती आज ना उद्या सापडते; नसेल तर ही पद्धत तसं कधी सांगतच नाही, शोधत बसते. मग वेळेची मर्यादा घालावी लागते आणि प्रत्येक अशक्य पायरीवर ती पुरी खर्ची पडते.

टेबलाचं चित्र बघून 'ही पायरी हाताला जमेल का' याचा अंदाज द्यायला मी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम, शिकवलं. त्यावरून गाइड सरांशी बरीच वादावादी झाली. त्यांचं म्हणणं, नेटवर्क नाही म्हणेल ती पायरी सरळ गाळून टाक, वेळ वाचेल. मी म्हणत होतो, गाळायची नाही, तपासायच्या पायऱ्यांच्या रांगेत मागे ढकलायची. अंदाज चुकला तर उशीर होईल, पण उत्तर हातचं जाणार नाही.

आढावा बैठकीत समितीतल्या मॅडमनी नेमकं तेच विचारलं, "नेटवर्क चुकलं आणि नेमका तोच एक मार्ग असला, तर?" मी रांगेची आकृती पडद्यावर लावली. सर गालात हसले. उरलेला वेळ मॅडम आलेखांच्या अक्षांवर घसरल्या (समितीत अक्षांवर बोलणारं एक माणूस असतंच).

सिनॉप्सिसला (प्रबंधाच्या सारांशाला) हिरवा कंदील मिळाला, पण खऱ्या हातावरच्या चाचण्या अजून बाकी आहेत. सिम्युलेशनमधला डबा ढकलला तेवढाच सरकतो. प्रयोगशाळेतला कधी अडतो, कधी कपालाच जाऊन भिडतो, आणि मग पुढच्या सगळ्या पायऱ्या नव्याने आखाव्या लागतात.