मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे: घाटातला 60 चा आकडा आणि नंतरचं चलान

एक्स्प्रेसवेवरचं चलान म्हटलं की डोळ्यासमोर येते ती उजव्या लेनमधून दिवे मारत जाणारी गाडी. तिला चलान बसतंच. पण शिस्तीत 95–100 ने चालणारा माणूस गाफील सापडतो तो बोरघाटात, त्यातही पुण्याकडून मुंबईला उतरताना. कारला सपाटीवर मर्यादा 100, घाटात 60. एवढा मोठा उतार आकड्यात येतो आणि नेमका त्याच वेळी रस्ताही उतरायला लागतो. म्हणून हा वृत्तांत पुण्याकडून सुरू केला आहे.

किवळ्याहून निघाल्यावर उर्से टोलनाका, मग कामशेतचे बोगदे. इथपर्यंत सगळं सरळ आहे. क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) असेल तर 95 वर लावून ठेवा. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवू नये असाच नियम आहे. त्यामुळे काट्यावर 100 असताना गाडी प्रत्यक्षात 95–97 च्या आसपास असते. ‘काटा 100 वर होता तरी चलान आलं’ असं कुणी म्हणालं तर आधी फोटोतला आकडा आणि ठिकाण बघा. बहुतेकदा ते ठिकाण घाटातलं निघतं.

एक्स्प्रेसवेचे किलोमीटर मुंबईकडून मोजलेले आहेत. घाटाची मर्यादा साधारण 35.5 ते 52 या दगडांदरम्यान लागू होते, म्हणजे पुण्याहून येताना 52 आधी लागतो. लोणावळा जवळ आलं की क्रूझ बंद करा आणि पाटी दिसायच्या आतच वेग उतरवायला घ्या. उतारावर पाचव्या गिअरमध्ये पाय नुसता उचलून काही होत नाही, गाडी स्वतःच 80 धरते. तिसरा गिअर टाका, इंजिनच गाडी धरून ठेवतं. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये तिसरा लॉक करा. ब्रेकवर पाय ठेवून अख्खा घाट उतरलात तर डिस्क तापतात, जळका वास येतो आणि खाली पोचेपर्यंत ब्रेकचा जोर कमी झालेला असतो.

2024 पासून या मार्गावर आयटीएमएस, म्हणजे कमानींवरच्या कॅमेऱ्यांची यंत्रणा आहे. ती गाडी समोरून जातानाचा वेग टिपतेच, शिवाय दोन कमानींमधला वेळ मोजून सरासरीही काढते. त्यामुळे कमान दिसली की ब्रेक आणि कमान सरली की पुन्हा पाय, ही जुनी युक्ती आता निकामी आहे. हिशोब सोपा आहे: 100 च्या मर्यादेत 10 किलोमीटरला 6 मिनिटं लागायला हवीत. 5 मिनिटांत पोचलात तर सरासरी 120. घाटातले साडेसोळा किलोमीटर 60 ने साडेसोळा मिनिटांत होतात, 80 ने साधारण सव्वाबारा मिनिटांत. साधारण चार मिनिटांच्या बचतीसाठी दोन हजार रुपये मोजायचे की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. हेच कॅमेरे सीटबेल्ट आणि लेनही बघतात, तेव्हा एका फेरीत एकापेक्षा जास्त चलानं येऊ शकतात.

दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 खाली होतो. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासूनचे दर: दुचाकी-तीनचाकीला 1000, कारला 2000, मोठ्या वाहनांना 4000. दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्सवरही कारवाई होऊ शकते.

आता मेसेजकडे. तो आरसीवर नोंदवलेल्या मोबाइल नंबरवर जातो. गाडी सेकंडहँड असेल तर तो आधीच्या मालकाकडे जात राहतो आणि इकडे चलानं साचत जातात. केंद्राच्या वाहतूक खात्याच्या ‘परिवाहन’ संकेतस्थळावर नंबर बदलता येतो, ते काम आजच उरका. दुसरा धोका याच्या उलट आहे: चलान नसताना आलेला मेसेज. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर ती उघडायची नाही, कुठलंच सरकारी खातं चलान एपीकेमधून पाठवत नाही. लिंक आली तर पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा. त्याहून बरं म्हणजे लिंकला हातच लावू नका. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं महाट्रॅफिक ई-चलान हे संकेतस्थळ स्वतः उघडा, गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. जे काही असेल ते तिथे दिसतं. गाडी परराज्यातली असेल, समजा गोव्याची, तर परिवाहनच्या केंद्रीय ई-चलान पानावरही एकदा शोधा.

यादी दिसली की पैसे भरायची घाई करू नका. आधी फोटो उघडा आणि मोठा करून बघा. बघायचं ते असं: नंबर पूर्ण वाचता येतो का, गाडीचं मॉडेल आणि रंग आपलाच आहे का, तारीख, वेळ आणि ठिकाण, नोंदलेला वेग, आणि वाहनाचा वर्ग. चुका ठरावीक असतात. मळलेल्या पाटीवर 8 चा बी किंवा 0 चा डी वाचला जातो. कारला मोठ्या वाहनाचा दर लागून 2000 चे 4000 होतात. एकाच पट्ट्यात काही मिनिटांच्या अंतरानं दोन चलानं पडतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणीतरी आपल्या नंबरची पाटी लावून फिरत असतं.

चूक आढळली तर पैसे भरू नका. भरलं म्हणजे मान्य केलं, मग तक्रारीला अर्थ उरत नाही. महाट्रॅफिक ॲपमध्ये तक्रारीचा पर्याय आहे. तिथे चलान क्रमांक, आरसी, आणि गाडीचा पुढून-मागून पाटी दिसेल असा फोटो जोडा. मजकूर दोन-तीन ओळींचाच असू द्या: ‘फोटोतील वाहन पांढरी सेडान, माझे वाहन लाल हॅचबॅक, आरसी जोडली आहे.’ रस्ता कसा मोकळा होता आणि मागून ट्रक कसा अंगावर आला हे लिहून उपयोग नसतो. नंबर चोरीचा संशय असेल तर पोलिसांत तक्रार देऊन तिची पोच जोडा. त्या वेळी गाडी भलतीकडे होती हे दाखवायला फास्टॅगचं स्टेटमेंट कामी येतं. मात्र त्यात टॅग वाचल्याची वेळ घ्या, पैसे कापल्याची वेळ कधी कधी बरीच नंतरची असते. आणि पाठवण्याआधी स्टेटमेंट स्वतः नीट वाचा. उर्से आणि खालापूरच्या नोंदींमधलं अंतर फारच कमी निघालं तर तोच पुरावा उलटायचा.

कॅमेऱ्याच्या चलानांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली 167 अ हा नियम आला. कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी इशाऱ्याची पाटी, यंत्राचं प्रमाणपत्र, फोटो, मोजलेला वेग आणि ठरलेल्या मुदतीत नोटीस, हे सगळं त्यात आलं. लढायचंच असेल तर मुद्दा यातला घ्या.

चलान खरं असेल तर सरळ भरा. यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग सगळं चालतं. खात्यातून पैसे गेले आणि चलान ‘अनपेड’च दिसतंय, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. पावती पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. रस्त्यात पोलिसांकडे भरलं तर मशीनची छापील पावती घेतल्याशिवाय हलू नका.

पडून राहिलेलं चलान न्यायालयाकडे जाऊ शकतं. व्हर्च्युअल कोर्टाच्या (ऑनलाइन न्यायालयाच्या) संकेतस्थळावर नंबर टाकून दंड मान्य करता येतो किंवा हरकत घेता येते. हरकत घेतली की प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जातं आणि तारखा पडतात, एवढं धरून चाला. लोकअदालतीची नोटीस आली तर ती संधी चांगली आहे, प्रकरण तिथेच मिटतं. पण दरवेळी सवलत मिळेलच या आशेवर वर्षभर बसण्यात शहाणपण नाही. थकलेल्या चलानांमुळे आरटीओतली ट्रान्सफर, एनओसी असली कामं अडतात, आणि ते कळतं तेव्हा गाडीचं गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं.

भाड्याच्या सेल्फ-ड्राइव्ह गाडीचं चलान मालकाच्या नावावर येतं. गाडी कोण चालवत होतं हे सांगणं कलम 133 प्रमाणे मालकाला बंधनकारक आहे, त्यामुळे ते फिरून तुमच्याकडेच येणार. कंपन्या डिपॉझिटमधून दंड कापतात आणि वर स्वतःचा आकार लावतात. करारात तो किती आहे ते गाडी घेतानाच वाचा. कापल्यावर चलान क्रमांक मागा आणि त्यावरची वेळ आपल्या बुकिंगच्या तासांत बसते का ते ताडून पाहा.