तुम्ही विचारलंत म्हणून: नवंकोरं जहाज पहिल्याच फेरीत बुडतं कसं?

मी जहाजावर इंजिनिअर होतो हे कळलं की लोक हमखास एक गोष्ट विचारतात. "अहो, एवढं नवंकोरं जहाज, सगळं तपासून घेतलेलं, मग ते पहिल्याच फेरीत बुडतं कसं?" बहुतेकांच्या मनात टायटॅनिक असतं. काही जण आवाज जरा खाली आणून पुढचं विचारतात, "अपशकुन वगैरे मानता का तुम्ही लोक?" प्रश्न उभ्या उभ्या येतो आणि मीही उभ्या उभ्या अर्धवट काहीतरी सांगून मोकळा होतो. ते मनाला लागून राहतं, कारण त्या जहाजांवर माणसं होती. म्हणून आज बसून सांगतो.

अपशकुनाचं आधी उरकतो. मी मानत नाही. अपशकुन म्हटलं की चौकशी तिथेच थांबते, आणि या प्रत्येक जहाजाच्या बाबतीत चौकशी करण्याजोगं काहीतरी होतंच.

आता तो 'नवंकोरं' शब्द. कपडा नवा, भांडं नवं, म्हणजे बिनघोर, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. जहाजाचं तसं नसतं. नव्या जहाजातला एकही पंप, एकही दोर, एकही दार अजून खऱ्या कामाला लागलेलं नसतं. आणि वर चढणारे आम्ही लोक त्या जहाजाला तितकेच नवखे असतो.

थर्ड इंजिनिअर असताना मी पहिल्यांदा यार्डातून नवं जहाज ताब्यात घ्यायला गेलो. इंजिन रूममध्ये ताज्या रंगाचा वास इतका दाट, की पहिले दोन दिवस डोकं दुखायचं. तेलाचे फिल्टर आम्ही सारखे उघडून साफ करत होतो. त्यात वेल्डिंगच्या गुठळ्या, रंगाची सालपटं, एकदा तर चक्क पुसायची चिंधी निघाली. याचं कुणाला नवल वाटत नाही, नव्या जहाजाच्या पोटातून असलं काहीबाही निघतच असतं. पण बंदर सोडल्यानंतरच्या तिसऱ्या रात्री बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेलं, पाणी उपसायला घेतलं. उजव्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडला, पंप चालू, आणि उजव्या बाजूचं पाणी तसूभर हलेना. पंधरा मिनिटं आम्ही पंपालाच दोष देत होतो. मग चीफ इंजिनिअर खाली आले. काही न बोलता पायाखालच्या लोखंडी प्लेटी उचलायला लावल्या, पोटावर आडवे झाले, आणि व्हॉल्व्हपासून निघालेला पाइप हाताने चाचपत चाचपत पार टोकापर्यंत गेले. पाइप डाव्या बाजूला निघाला. शेजारी शेजारी दोन व्हॉल्व्ह, त्यांच्यावरच्या पितळी पाट्या अदलाबदल झालेल्या. एकेका पाटीला दोन दोन स्क्रू. बदलायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्या रात्री पाणी पोटरीलाही लागत नव्हतं. पण कुठे भोक पडून पाणी आत येत असतं आणि आम्ही अंधारात भलतीकडचं पाणी उपसत बसलो असतो, तर? तेव्हापासून मी पहिल्या फेरीतल्या जहाजांबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

सगळ्यात जास्त मला छळते ती टेलर. 1854 सालचं हे शिडाचं जहाज, सांगाडा लोखंडी. लोखंडाचे सांगाडे तेव्हा नवलाईचे होते आणि ऑस्ट्रेलियात सोनं सापडल्यामुळे तिकडे जायला झुंबड होती. टेलर 19 जानेवारीला लिव्हरपूलहून मेलबर्नला निघालं. वर साडेसहाशेच्या आसपास माणसं, त्यात बायका, तान्ही मुलं. दोन दिवसांत ते आयर्लंडजवळच्या लॅम्बे बेटाच्या खडकावर होतं.

काय झालं? होकायंत्र दक्षिण दाखवत होतं आणि जहाज पश्चिमेला चाललं होतं. लोखंडी सांगाडा महिनोन्‌महिने एकाच दिशेला तोंड करून उभा असतो, त्यावर हातोडे पडत असतात, आणि पृथ्वीचं चुंबकत्व त्या लोखंडात मुरत जातं. ते होकायंत्राची सुई ओढतं, म्हणून होकायंत्राशेजारी लोहचुंबक ठेवून चूक दुरुस्त करायची पद्धत होती. पण जहाज लाटांवर आपटायला लागलं की लोखंडात मुरलेलं चुंबकत्व बदलतं, आणि बंदरात शांत पाण्यात केलेली दुरुस्ती फसते. विल्यम स्कोर्स्बी हे जुने दर्यावर्दी आणि शास्त्रज्ञ. टेलर बुडाल्यावर त्यांनी हे पोटतिडकीने मांडलं. लोकांना पटेना, तेव्हा 1856 मध्ये साठी उलटलेली असताना ते स्वतः लोखंडी जहाजावर बसून ऑस्ट्रेलियाला गेले आणि वाटेत चुंबकत्व कसकसं बदलतं ते मोजत राहिले. होकायंत्र लोखंडापासून लांब, वर डोलकाठीवर ठेवा, असं त्यांचं सांगणं होतं. माझ्या मनात या माणसाला फार वरची जागा आहे.

होकायंत्र एकटंच नव्हतं. टेलरचे दोर नवे होते. ताग भिजला की फुगतो, आणि हे दोर कप्प्यांमध्ये अडकून बसले. वारा वाढला तेव्हा शिडं वेळेवर उतरेनात. सुकाणू जहाजाच्या मानाने लहान होतं. धुक्यातून जमीन समोर दिसली, जहाज वळवायला गेले आणि ते वळेना. दोन्ही नांगर टाकले, दोन्ही साखळ्या तुटल्या. यातली एकेक गोष्ट एखाद्या निवांत दिवशी, किनाऱ्याजवळ, रिकाम्या जहाजावर आठ दिवस फिरून कळली असती. पण तशी फेरी कुणी मारलीच नाही. पहिली चाचणी थेट हिवाळ्यात, भरलेल्या जहाजावर. जहाज खडकाच्या इतकं जवळ होतं की काही जण उडी मारून, दोराला लटकून जमिनीवर पोचले. तरी निम्म्याहून जास्त माणसं गेली. शंभरावर बायका होत्या, त्यातल्या तीन वाचल्या. पायघोळ, जड कपडे, ओले झालेले, कडेवर मूल. तीन हा आकडा मला आजही सरळ वाचता येत नाही.

टेलरला कुणाला काही ठाऊक नव्हतं, असं म्हणता येईल. वासाचं तसंही म्हणता येत नाही.

वासा ही स्वीडनच्या राजाची, गुस्ताव अडॉल्फ यांची युद्धनौका. 64 तोफा. 10 ऑगस्ट 1628 ला स्टॉकहोमच्या धक्क्यावरून निघाली, लोक बघायला जमले होते. जेमतेम तेराशे मीटर गेली. वाऱ्याची एक झुळूक आली, जहाज कललं, सावरलं; दुसरी आली आणि तोफांसाठी उघडलेल्या खालच्या खिडक्यांतून पाणी आत घुसलं. तीसेक माणसं किनाऱ्याच्या डोळ्यांदेखत बुडाली.

जहाज डोक्यावर जड होतं. तळाशी दगड भरलेले होते, पण वरचा बोजा त्यांना भारी होता. आणि हे आधी दिसलेलं होतं! निघायच्या काही आठवडे आधी कप्तानाने ॲडमिरल फ्लेमिंग यांच्यासमोर तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदम पळायला लावलं. तीन फेऱ्यांतच जहाज असं झोकांड्या खाऊ लागलं की धक्क्यालाच उलटेल या भीतीने पळणं थांबवलं. थांबवलं आणि पुढे काही केलं नाही. राजा लढाईवर, त्याची जहाजासाठी घाई चाललेली, मुख्य कारागीर हेन्रिक हुबर्टसन आदल्या वर्षीच वारलेला. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच झाली नाही.

333 वर्षांनी, 1961 मध्ये, वासाला वर काढलं. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड खाणारी कीड जगत नाही, म्हणून जवळजवळ सगळं लाकूड शाबूत होतं. त्यात सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन पट्ट्यांवर फूट बारा इंचांचा, दोन पट्ट्यांवर अकरा इंचांचा. एक माप स्वीडनचं, दुसरं ॲमस्टरडॅमचं. जहाजाच्या दोन्ही बाजू सारख्या जाडीच्या नाहीत. नुसत्या त्यामुळे ते बुडलं असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण आपापल्या पट्टीने मन लावून, बिनचूक काम करणारे ते सुतार मला दिसतात, आणि आमच्या त्या पितळी पाट्या आठवतात. पाट्या लावणाऱ्यानेही स्क्रू छान घट्ट पिळले होते.

तीस माणसं पळवायची ती चाचणी आज आम्ही शास्त्रशुद्ध करतो. जहाज तयार होत आलं की बिनवाऱ्याच्या वेळी, बहुधा पहाटे, सगळे दोर सैल सोडतात. नको असलेली माणसं खाली उतरवतात. मोजून आणलेली वजनं डेकवर या बाजूची त्या बाजूला सरकवतात. आत एक लांब ओळंबा टांगलेला असतो, त्याचं वजन तेलाच्या पसरट डब्यात बुडवलेलं, हेलकावे मरावेत म्हणून. ओळंबा किती सरकला ते पट्टीवर टिपायचं. त्यावरून जहाजाचा गुरुत्वमध्य नक्की कुठे आहे ते निघतं. पट्टीवर डोळा लावून बसलेला माणूस आकडा सांगेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. मी पाहिलेल्या कामांत इतकं शांत काम दुसरं नाही.

या शांततेची किंमत मोजलेली आहे. ग्लासगोच्या क्लाइड नदीत 3 जुलै 1883 ला डॅफ्नी नावाचं जहाज पाण्यात सोडलं. आत कामगार होते, कारण सोडल्या सोडल्या उरलेलं काम सुरू करायचं होतं. पाण्यात शिरताच ते आडवं झालं. 124 माणसं आणि पोरं गेली. त्यानंतर जहाजबांधणीत स्थिरतेच्या हिशेबाकडे गांभीर्याने पाहायला लागले.

टायटॅनिकबद्दल भरपूर बोललं जातं, म्हणून मी एकच बाजू सांगतो. तिची समुद्रातली चाचणी 2 एप्रिल 1912 ला, एका दिवसात उरकली. आठ दिवसांनी ती प्रवासी घेऊन निघाली. सेकंड ऑफिसर लाइटोलर यांनी पुढे लिहिलंय की त्या जहाजात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न चुकता जायला त्यांना चौदा दिवस लागले. मुरलेल्या अधिकाऱ्याची ही गत, तर नव्याने भरती झालेल्यांचं काय? आधीच जीव वाचवायच्या नावा कमी, त्यात 65 माणसांच्या पहिल्या नावेत 28 च बसवून ती खाली सोडली. भरलेली नाव वरून सोडली तर मोडेल, अशी अधिकाऱ्यांना धास्ती होती. कारखान्यात तशा नावेत तितकं वजन भरून, खालीवर करून पाहिलेलं होतं. ते या माणसांपर्यंत पोचलंच नव्हतं.

तेच पुढेही होत राहिलं. जपानची शिनानो ही प्रचंड विमानवाहू नौका नोव्हेंबर 1944 मध्ये पहिल्याच फेरीत पाणबुडीच्या चार टॉर्पेडोंनी बुडाली. तिची कितीतरी पाणबंद दारं अजून बसवायचीच होती आणि खलाशी कच्चे होते. आणि 1959 साली डेन्मार्कची हान्स हेडटॉफ्ट. ही ग्रीनलंडच्या बर्फासाठीच मुद्दाम मजबूत बांधलेली, हिवाळ्यातही जाता यावं म्हणून. जाताना सुखरूप पोचली. परतीच्या वाटेवर 30 जानेवारीला हिमनगाला धडकली. बुडतोय असे तिचे संदेश काही तास येत राहिले, मग थांबले. 95 माणसं होती. जहाज आजवर सापडलेलं नाही. ग्रीनलंडमधल्या चर्चच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या सुरक्षित जागी नेण्यासाठी त्यावर चढवल्या होत्या, त्याही गेल्या. त्या ऑक्टोबरात आइसलंडच्या किनाऱ्याला एक कडं लागलं, माणसाने अंगात घालून तरंगायचं असतं ते. त्यावर जहाजाचं नाव होतं.

हे सगळं ऐकल्यावर बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तुम्ही जाल का नव्या जहाजावर पहिल्या फेरीला?"

गेलोय. त्या पहिल्या वेळेनंतर आणखी दोनदा, दोन्ही वेळा सेकंड इंजिनिअर म्हणून. माझ्या बॉयलर सूटच्या खिशात टॉर्च आणि खडू असायचा. ज्या व्हॉल्व्हचा पाइप टोकापर्यंत हाताने पाहिला, त्याच्या पाटीवर खडूची फुली. ज्याचा नाही, त्याची पाटी कोरी. शेवटच्या वेळी आम्ही निघालो तेव्हा मध्यरात्र झाली होती. मी खाली मोजत होतो. तीन वाजले तरी अकरा पाट्या कोऱ्या होत्या. माझा वॉच, म्हणजे कामाची पाळी, चारला सुरू व्हायचा होता. मी आणखी एक प्लेट उचलली.