तुम्ही विचारलंत म्हणून: गिरगावातला माणूस बंदुकीच्या गोळ्या कसल्या ओततो?

गणपतीत कोणाकडे गेलं की, लग्नात पंगतीला बसलं की, नाहीतर सोसायटीची मीटिंग संपून चहा आला की कोणीतरी विचारतंच, काय हो, तुम्ही म्हणे अमेरिकेत जाऊन बंदुकीच्या गोळ्या बनवता? ह्याला कारण आमचे जावईबापू. त्यांनी फॅमिली ग्रुपवर माझा फोटो टाकला, गॅरेजमध्ये चामड्याचा एप्रन, डोळ्याला गॉगल, हातात पळी, आणि तो फोटो फिरत फिरत कुठे कुठे गेला देव जाणे. माझ्या मावसभावाने तर थेट फोन करून विचारलं, बरा आहेस ना रे?

तर आधी एक सांगून टाकतो, इथे मुंबईत माझ्याकडे काहीही नाही. आपल्याकडे १९५९ चा आर्म्स ॲक्ट आहे आणि त्यात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे ना, त्यात दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते, म्हणजे नुसता साचा घरी ठेवून शोकेसमध्ये मिरवायचा हा प्रकार करू नका. चोरबाजारात कधी असं काही दिसलं तर लांबून बघा. माझं जे काय चालतं ते पेनसिल्व्हेनियात, लेकीच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये, आणि तेही ग्रीन कार्ड झाल्यावर. पहिल्या दोन खेपांना टुरिस्ट व्हिसा होता, तेव्हा मी स्टुलावर बसून नुसता बघ्या, कारण शिकारीचं लायसन वगैरे नसेल तर टुरिस्टने बंदुकीला हात लावायचा नाही असा तिथला कायदा, आणि दारूगोळ्यात ते नुसती शिशाची गोळीही मोजतात.

आता ओततो का, तर त्याला बंदूक कारण नाहीच. कारण अण्णा, माझे वडील.

अण्णा गिरगावात एका टाइपफाउंड्रीत होते. आताच्या पोरांना टाइप म्हणजे मोबाइलवर बोटं, पण तेव्हा टाइप म्हणजे खिळा, शिशाचा, एका टोकाला उलटं अक्षर. गिरगाव म्हणजे छापखान्यांचं गाव, जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना ह्याच भागातला, आणि त्यांनी आधी टाइप पाडायला सुरुवात केली, छापखाना मागाहून. अण्णा संध्याकाळी घरी आले की आई त्यांना चाळीच्या नळावरच हातपाय धुवायला लावायची, उंबऱ्याच्या आत नाही. कारखान्यात कामगारांना गूळ द्यायचे, शिसं बाधू नये म्हणून. गुळाने शिसं जात नाही, पण आईचा नळ बरोबर होता, तो नियम मी अजून पाळतो, ओतताना खाणं नाही, चहा नाही, गॅरेजचं शटर पूर्ण वर, आणि नंतर कोपरापर्यंत साबण.

तर त्या पहिल्या खेपेला शेजाऱ्याने (वय ऐंशीच्या पुढे, बोलणं कमी) भांड्यात टाकायला म्हणून एक कॉफीचा जुना डबा उपडा केला आणि आतून खिळे पडले. इंग्लिश, पण खिळे. मी खाली वाकून एक उचलला आणि बुडाची खाच अंगठ्याने चाचपली, अण्णा तसं करायचे, आणि त्याला म्हटलं, हे माझ्या वडिलांचं काम. तो म्हणाला ह्याच्या गोळ्या फार छान पडतात. मला खरं सांगू का, जरा लागलंच ते. आमच्याकडेही फाउंड्री बंद झाली तेव्हा माल किलोवर भंगारात गेला होता, पण तो वितळताना मी पाहिला नव्हता.

पण का छान पडतात ते ऐका, कारण हे मला आयुष्यभर टूलरूममध्ये काढूनही नीट माहीत नव्हतं. नुसतं शिसं ३२७ डिग्रीला वितळतं आणि थंड होताना आकसतं, मऊही असतं, नखाने ओरखडा उठतो. त्यात कथील घातलं की रस पातळ होतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो, अँटिमनी घातलं की कडकपणा येतो आणि आकसणं कमी होतं. लायनोटाइपचा, म्हणजे अक्षरांची अख्खी ओळ एकदम ओतणाऱ्या मशिनीचा, धातू म्हणजे ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील, अक्षराची कड धारदार यावी म्हणून केलेलं मिश्रण, आणि गोळीलाही कडच लागते. त्याच साच्यात नुसतं शिसं ओता आणि मग हा धातू ओता, दुसरी गोळी वजनाला हलकी आणि तरी मापाला थोडी मोठी येते. मी मायक्रोमीटर लावून बघितलं, विश्वास बसेना म्हणून परत बघितलं. अमेरिकेत पेपरवाल्यांनी लायनोटाइप मशिनी मोडीत काढल्या तेव्हा ह्या लोकांनी धातू साठवून ठेवला, शेजारी त्यातलाच.

आणि साचा. तो दिसायला सांडशीसारखा, दोन दांडे, पुढे लोखंडाचे दोन ठोकळे, मिटले की आत गोळीची पोकळी, वर एक फिरती पट्टी, तिला भोक, त्यातून रस ओतायचा. शेजाऱ्याकडचा साचा आयडियल कंपनीचा. ही कंपनी जॉन बार्लो नावाच्या माणसाने १८८४ साली न्यू हेवनला काढली, पुढे १९२५ मध्ये लायमन कंपनीने घेतली, आणि आकडे घालायची पद्धत तीच चालू राहिली. साच्यावर ३११०४१ असं कोरलंय, पहिले तीन आकडे म्हणजे व्यास, इंचाचे ३११ हजारांश, पुढचा डिझाइनचा नंबर. गोळी १७० ग्रेनच्या आसपास, म्हणजे तोळ्याला जरा कमी. तिचं नाक चपटं, कारण ती ज्या विंचेस्टर १८९४ रायफलीत जाते तिच्यात काडतुसं नळीत एकामागे एक आडवी राहतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या टिकलीला (जिच्यावर घाव बसला की काडतूस पेटतं) टेकलेलं, तिथे अणकुचीदार नाक परवडणार नाही. पोकळी कापायला गोळीच्याच आकाराचा कटर असतो, त्याला ते चेरी म्हणतात, ती मधे फिरत असते आणि दोन्ही ठोकळे दोन बाजूंनी तिच्यावर हळूहळू मिटवत आणतात. मी चाळीस वर्षं डाय-जिग केलेत, सांधा उजेडात धरून बघितला, केस जाईल एवढीही फट नाही. हवा जायला बारीक रेघा कोरलेल्या, त्या काजळीने बुजल्या की गोळी अर्धवट भरते आणि आपण उगाच रसाला दोष देत बसतो.

ओतणं सांगायला सोपं आहे. रस तापवायचा, मेणाचा तुकडा टाकून ढवळायचं, वर मळ येतो तो काढायचा, साचा तापवायचा, ओतायचं, वरचा थेंब गोठला की लाकडी दांड्याने पट्टीवर टिचकी, साचा उघडला की गोळी मऊ फडक्यावर. पण साचा गार असेल तर गोळीवर सुरकुत्या, फार तापला तर दव पडल्यासारखी पांढुरकी, पट्टी घाईने फिरवली तर बुडाला खड्डा. पहिल्या दहाबारा परत भांड्यात. आणि पाणी अजिबात नको, कपाळावरचा घामाचा थेंबसुद्धा, भांड्यात पाणी गेलं की त्याची वाफ होऊन सगळा रस अंगावर उडतो. अण्णांच्या मनगटावर तसला एक डाग होता.

मग झाडता का, हा तुमचा पुढचा प्रश्न. झाडतो. खांदा दुखतो. पहिल्यांदा शंभर यार्डावर दुकानातल्या काडतुसांनी दोन इंचात पाच बसवली, शेजाऱ्याने हं केलं. मग आमच्या ओतलेल्या, व्यास बॅरलच्या नळीपेक्षा दोन थाऊ (इंचाचे हजारांश) जास्त ठेवून, खाचेत मधमाशीचं मेण भरून, बुडाला तांब्याची टोपी चढवून, सगळं साग्रसंगीत, आणि सात इंच! पुठ्ठ्यावर कुठेही भोकं. मी नाकं तपासत बसलो, कुठल्या नाकाला चीर, कुठल्याला डाग. शेजारी बघत राहिला आणि शेवटी एक गोळी उलटी करून माझ्या तळहातावर ठेवली. बुडाची कड एका बाजूला गोलसर होती. कड गोल असली की टोपी तिरकी बसते, आणि नळीतून सुटताना मागचा गॅस आधी त्या बाजूने निसटतो की गोळी कलली. नाकाला थोडा खड्डा असला तरी चालतं, बुडाला नाही.

आता हे मला ठाऊक असायला हवं होतं हो! अण्णा खिळा हातात घेतला की अक्षर बघायच्या आधी बूड बघायचे. खिळ्याची उंची ०.९१८ इंच, बूड जरा तिरपं असलं की एक अक्षर दाबून उठतं आणि शेजारचं पुसट. मी लहान असताना विचारायचो, अक्षर वर आहे आणि तुम्ही खाली काय बघता, तर म्हणायचे, अक्षर उभं कशावर आहे? त्या दिवशी मी दोनशे गोळ्या उलट्या करून चष्मा लावून बघितल्या, साठेक परत भांड्यात टाकल्या, आणि पुढच्या शनिवारी तीन इंच. दुकानवाल्यांना मी हरवलं नाही, हे कबूल, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही.

काहीजण म्हणतात बाप अक्षरं पाडायचा आणि पोरगा गोळ्या. हे वाक्य मला आतापर्यंत चौघांनी ऐकवलंय, प्रत्येकाला वाटतं आपणच पहिले, मी हसतो. शिकार मी केलेली नाही, करणारही नाही, पुठ्ठ्यामागच्या मातीच्या ढिगातून शिसं परत उकरून काढतो एवढंच.

दाखवायला एखादी गोळी आणली नाहीत का, असंही विचारतात. अहो, ह्या वयात एअरपोर्टवर सीआयएसएफच्या पोराला, बेटा, ही नुसती ओतलेली आहे, ह्यात दारू नाही, असं समजावत उभा राहू? डब्यातला एक खिळा मात्र आणलाय, मोठा एम, पुस्तकांच्या कपाटात आहे, या कधीतरी बघायला.

नोव्हेंबरात परत जायचंय. परवा व्हिडिओ कॉलवर शेजारी सांगत होता, साचा गंजू नये म्हणून तेल लावून ठेवलाय. म्हणजे गेल्या गेल्या पहिलं काम ते तेल सॉल्व्हंटने पूर्ण काढायचं, नाहीतर पन्नास-पन्नास गोळ्या सुरकुतलेल्या पडतात आणि हा बाबा दरवर्षी म्हणतो, धातू खराब आहे.