आमची वाटचाल : माल लोकांचा, नोंद आमची

आमच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये ठेवलेल्या बेदाण्यातला एक दाणाही आमचा नसतो. तो तासगाव, कवठेमहांकाळ, जतच्या शेतकऱ्याचा असतो, नाहीतर सौद्यात घेणाऱ्या व्यापाऱ्याचा. आमची असते ती जागा, थंडी आणि नोंद. जागा आणि थंडी डोळ्यांना दिसते, म्हणून पहिली वीस वर्षं आमचा सगळा पैसा तिथंच गेला. नोंदीची किंमत कळायला २०१९ चा ऑगस्ट उजाडावा लागला.

दुसऱ्याचा माल सांभाळण्याची रीत सांगलीला जुनी आहे. शेजारच्या हरिपुरात हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद, पोटात रुंद. हळद आत गेली आणि तोंड लिंपलं की आत कुणाचं किती आहे हे वहीलाच ठाऊक. माझे वडील त्या व्यवहारात वाढले. १९९८ साली कुपवाडच्या एमआयडीसीत आम्ही दोन चेंबर, म्हणजे माल ठेवायच्या थंड खोल्या, बांधल्या, तेव्हा वहीची तीच पद्धत त्यांनी तिथं आणली. तारीख, नाव, गाव, लॉट नंबर, बॉक्स, वजन. १५ किलोचा बॉक्स, आणि प्रत्येक लॉटची शेतकऱ्याला पावती. चेंबर कुपवाडला, पण वसुली आणि हिशेबाचं ऑफिस सांगलीच्या गणपती पेठेत, कारण लोक बाजाराला तिथंच येत.

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. आमच्या पेठेतल्या ऑफिसातही आलं. पाणी ओसरल्यावर वडिलांनी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेवर दोन फूट मोजले आणि तिथं सागवानी फळी मारून घेतली. वह्या त्या फळीवर. पुढं कॉम्प्युटर आला, हिशेबाचं टॅली आलं, आवक-जावकीचं सॉफ्टवेअर आलं. रोज संध्याकाळी बॅकअप घ्यायचा, हार्ड डिस्क काढायची आणि फळीवर ठेवायची. चौदा वर्षं हा नेम मी चुकवला नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ पेक्षा सुमारे साडेतीन फूट जास्त. आमची फळी २००५ च्या खुणेपेक्षा दोनच फूट वर होती.

कुपवाड उंचावर असल्यानं चेंबरना पाणी लागलं नाही. पण रस्ते बंद, दोन ऑपरेटर तिकडं अडकलेले, वीज गेलेली, जनरेटरला डिझेल मिळेना. फोन लागला की मी एकच विचारायचो, टेंपरेचर किती? एकदा साडेपाच सांगितलं, नंतर दीड दिवस फोनच लागला नाही. त्या दीड दिवसात चेंबरमध्ये काय झालं हे मला आजही माहीत नाही. बेदाणा चार-पाच अंशांत ठेवला तर रंग धरून राहतो. ऊब लागली की हिरवा दाणा तांबूस पडतो, चिकटायला लागतो, आणि दिवाळीच्या सौद्यात किलोमागे पडणारा फरक शेतकऱ्याचं पुढच्या छाटणीचं गणित बिघडवतो. नशिबानं माल सुखरूप निघाला. ऊब आत येऊ न देणाऱ्या आमच्या भिंतींच्या पॅनेलची जाडी चांगली होती आणि ऑपरेटरनी दार एकदाही उघडलं नव्हतं.

नोंद मात्र बुडाली. कॉम्प्युटर गेला, हार्ड डिस्क गेली, वह्यांचा लगदा झाला. हार्ड डिस्क पुण्याला पाठवली, त्यातून मार्चपर्यंतचीच आकडेवारी निघाली. म्हणजे हंगामाची निम्म्याहून जास्त आवक कागदावरही नाही आणि मशीनमध्येही नाही. चेंबरमधल्या बॉक्सवर लॉट नंबर होते, पण लॉट कुणाचा, त्यावर कुठल्या बँकेचं तारण आहे, किती बॉक्स आधीच निघालेत, ते कुठंच नव्हतं.

मी गावोगाव निरोप धाडले की पावती घेऊन या. लोक आले. कुणी दुधाच्या पिशवीत गुंडाळून, कुणी देव्हाऱ्यामागं जपून ठेवलेली. सावळजच्या एका बाईंनी सात वर्षांच्या पावत्या दोऱ्यात ओवून आणल्या. दीड महिना मी, बायको आणि आमचे हिशेबनीस कुपवाडच्या शेडमध्ये बसून बॉक्स मोजत होतो. शेवटी अकरा बॉक्सचा मेळ लागला नाही. ते पैसे आम्ही भरले. आणि मला समजलं की वीस वर्षं मी बॅकअप चुकीच्या जागी शोधत होतो. आमचा खरा बॅकअप शेतकऱ्यांच्या घरात होता. नोंदीची प्रत आपल्या छपराखाली नसली पाहिजे, आणि ज्याचा माल आहे त्याच्याही हातात ती असली पाहिजे. क्लाउडबद्दल पुढं मी जे काही शिकलो ते या दोन गोष्टींवरच उभं आहे.

त्या दिवाळीत हिशेब आणि स्टॉक क्लाउडवर नेला. क्लाउड म्हणजे आकाशातलं काही नव्हे, दुसऱ्या गावातला दुसऱ्याचा कॉम्प्युटर, जिथं वीज, थंडी आणि राखण आपल्यापेक्षा चोख असते. मला हे पटकन पटलं, कारण आम्ही तोच धंदा करतो. लोक घरात बेदाणा न ठेवता आमच्याकडं ठेवतात, भाडं देतात, पावती घेतात. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत डेटा सेंटरचे विभाग सुरू केले होते. आमचा सॉफ्टवेअरवाला मुंबईचा विभाग वापरत होता. घरात तरी विरोध झाला. वडिलांचा प्रश्न साधा होता : वही मुंबईला ठेवली आणि त्यानं दिली नाही तर? तेव्हा मी तो फारसा मनावर घेतला नाही. तो बरोबर होता, ते पुढं येईलच.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तो ऐन हंगामात. ताजी द्राक्षं बाजारात जाईनात, तेव्हा बागायतदारांनी ती शेडवर नेऊन बेदाणा केला. आमच्याकडं न भूतो अशी आवक झाली आणि पेठेतलं ऑफिस बंद. हिशेबनीस मिरजेत घरी, मी सांगलीत विश्रामबागेत, वजनकाटा कुपवाडला. काट्यावरचा मुलगा मोबाइलवर एंट्री करायचा, आम्ही दोघं घरी बसून तपासायचो, आणि शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर पावती जायची. तो हंगाम जुन्या पद्धतीनं आम्ही पेलू शकलो नसतो, हे मी खात्रीनं सांगतो.

तरी तो नुसता कागदाचा भाग झाला. त्या दीड दिवसाचं कोडं तसंच होतं. तोवर चेंबर दोनाचे चार झाले होते. २०२१ च्या सुरुवातीला चारहींमध्ये तापमानाचे सेन्सर बसवले. प्रत्येक चेंबरला एकच, दाराजवळ, कारण वायर तिथं सोयीची होती. दार उघडलं की सहा अंश, मिटलं की चार. दिवसातून चाळीस वेळा फोन वाजायचा. आठवड्याभरात सगळ्यांनी आवाज बंद केले. धोक्याची घंटा दिवसभर वाजत राहिली की ती कुणीच ऐकत नाही. मग प्रत्येक चेंबरला पाच सेन्सर केले, वर, खाली, कोपऱ्यात आणि एक थेट बॉक्सच्या थप्पीत. मर्यादा ओलांडून वीस मिनिटं झाली तरच घंटा, आणि ती आधी फक्त पाळीच्या ऑपरेटरला. त्यानं दहा मिनिटांत उत्तर दिलं नाही तर मला.

आमचे जुने ऑपरेटर कॉम्प्रेसरच्या आवाजावरून सगळं ओळखतात. सेन्सर आले तेव्हा त्यांना वाटलं, आता आपलं काम संपलं. मी त्यांना सांगितलं होतं की तसं नाही, पण बोलण्यानं विश्वास बसत नसतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये एका रात्री पावणेतीनला फोन वाजला. तीन नंबर चेंबर साडेसहावर. ऑपरेटर जागेच होते, कॉम्प्रेसर सुरळीत वाजत होता. आलेखात दिसत होतं की तापमान संध्याकाळपासून तासाला थोडं थोडं चढतंय. आत जाऊन पाहिलं तर डिफ्रॉस्ट न झाल्यानं, म्हणजे साचलेला बर्फ वेळच्या वेळी न वितळल्यानं, हवा गार करणाऱ्या कॉइलवर बर्फाचा थर चढला होता, पंखे फिरत होते पण हवा पुढं सरकत नव्हती. कान जे ऐकू शकत नव्हता ते सेन्सरनं सांगितलं, आणि सेन्सरला जे कळत नव्हतं, म्हणजे बर्फ कुठून फोडायचा, ते त्यांच्या हातांनी केलं. पहाटे पाचला चेंबर पुन्हा चारवर आला. तेव्हापासून नवीन मुलांना आलेख वाचायला तेच शिकवतात.

एक गोष्ट मी प्रत्येक नव्या कोल्ड स्टोअरेजवाल्याला आवर्जून सांगतो. चेंबर गार करणारा आमचा गॅस अमोनिया आहे. तो गळला तर माणसं मरू शकतात. अमोनियाचा सेन्सर, भोंगा, एक्झॉस्ट पंखा आणि व्हॉल्व्ह बंद करणारी यंत्रणा आम्ही तारेनं थेट एकमेकांना जोडलीय. इंटरनेट असो वा नसो, मुंबईतला सर्व्हर चालो वा बंद पडो, ती तिथल्या तिथं काम करते. क्लाउडला फक्त खबर जाते. ज्यावर जीव अवलंबून आहे ते नेटवर्कच्या भरवशावर सोडू नका. स्वस्तात बसवून देणारा कुणी याच्या उलट सांगत असेल तर त्याला फाटकाबाहेर काढा.

नेटवर्क जातंच. म्हणून चेंबरच्या बाहेर एक छोटा गेटवे आहे. सेन्सरचे आकडे तो आधी स्वतःकडं लिहितो आणि लाइन आली की साचलेले वर पाठवतो. त्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं आणि स्वतंत्र बॅटरी. जुलै २०२१ ला कृष्णा पुन्हा चढली तेव्हा नेटवर्क तासन्तास गेलं होतं, पण आलेखात एकही खाच पडली नाही. त्या पुरात पेठेतल्या ऑफिसात पुन्हा पाणी आलं. खुर्च्या, टेबलं आणि पंखा भिजला. ती फळी रिकामी होती.

विजेचा फायदा आम्हाला आधी सुचलाच नव्हता. आमच्या धंद्यात पगारापेक्षा वीजबिल मोठं. त्या काळातल्या महावितरणच्या दरपत्रकात रात्री १० ते सकाळी ६ सवलत आणि संध्याकाळी ६ ते १० जादा दर होता. पण संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद ठेवायची हिंमत कोण करणार? वर्षभराचे आलेख समोर आल्यावर दिसलं की दार बंद असलं तर चेंबर चार तासांत एक अंशही चढत नाही. मग रात्री माल थोडा जास्त गार करून ठेवायचा आणि संध्याकाळी मशीन विसावू द्यायचं. दोन कॉम्प्रेसर एकदम सुरू होऊन विजेची मागणी उसळते हेही आलेखानंच दाखवलं. आता त्यांच्यात अंतर ठेवतो. सेन्सरचा खर्च दोन उन्हाळ्यांत वसूल झाला.

आता वडिलांचा तो प्रश्न. २०२३ मध्ये तापमानाची सेवा देणाऱ्या आमच्या पुरवठादारानं दर एकदम दुप्पट केले. आम्ही घासाघीस करत असताना मुदत संपली आणि एका सकाळी आकड्यांचा स्क्रीनच उघडेना. सव्वादोन वर्षांचे आकडे त्याच्याकडं. ऐन त्या आठवड्यात एका बँकेला तारणातल्या मालाच्या तापमानाची नोंद हवी होती. पैसे भरले तेव्हा आकडे मिळाले, तेही छापील पानांच्या रूपात, ज्यांचा पुन्हा हिशेब करता येत नाही. चूक माझीही होती. चेंबरच्या करारात माल परत कसा द्यायचा याची चार कलमं मी स्वतः लिहिलीत, आणि माझ्या नोंदींचा करार मी न वाचता सही केला होता.

तेव्हापासून कुणाशीही करार करताना माझे पहिले प्रश्न हेच असतात : आकडे कुणाच्या मालकीचे, मी निघालो तर ते कशा स्वरूपात आणि किती दिवसांत मिळतील, आणि तुम्ही धंदा बंद केलात तर काय. ज्याला उत्तर देताना अडखळायला होतं त्याच्याकडं जात नाही. दर महिन्याच्या एक तारखेला सगळे आकडे आमच्या डिस्कवर उतरतात, आणि ती डिस्क राहते माझ्या बहिणीकडं, कोल्हापूरला. आणखी एक. नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाचं लॉगिन आमच्याकडं आठ महिने चालू राहिलं होतं. त्यानं काही केलं नाही, तो चांगल्या घरचा मुलगा. पण आता गोदामाची किल्ली परत घेतो त्याच दिवशी लॉगिनही बंद होतं, आणि एक पासवर्ड चौघांत वापरायची सवय आम्ही मोडली.

आज शेतकऱ्याला लॉट आत गेल्यावर, निघाल्यावर आणि दर पंधरवड्याला फोनवर निरोप जातो. पावतीवरचा कोड दाबला की त्याच्या चेंबरचा आलेख दिसतो. मणेराजुरीचे एक बागायतदार सौद्याच्या आदल्या रात्री तो व्यापाऱ्याला पाठवतात. छापील पावती आम्ही बंद केलेली नाही आणि करणार नाही. सावळजच्या त्या बाई अजून दोऱ्यात ओवतात.

ऑपरेटरचं हाताचं रजिस्टरही चालू आहे. दर दोन तासांनी चेंबरच्या काचेच्या थर्मामीटरवरचा आकडा, पेनानं. महिनाअखेरीस माझी मुलगी रजिस्टर आणि आलेख शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहते. गेल्या महिन्यात दोन नंबर चेंबरच्या वरच्या कोपऱ्यातला सेन्सर पाऊण अंश कमी दाखवतोय हे तिला त्यातूनच सापडलं. तो काढून तपासणीला पाठवलाय. तोवर त्या कोपऱ्याचं तापमान ऑपरेटर तासातासाला शिडीवर चढून घेतायत.